कमळकाकडी मोडून पाहा

दुबई-शारजात मोठ्या सुपरमार्केटच्या भाजीविभागात आलं-सुरणाच्या शेजारी गाठीगाठींचं, फिकट बदामी दांडकं दिसतं. चिनी किराण्याच्या दुकानात तर हमखास. ती कमळकाकडी. शेजारी सिंधी कुटुंब असेल तर त्यांच्याकडे तुम्ही 'भे' म्हणून ती खाल्लीही असेल. उल्हासनगरच्या बाजारातही तिचं नाव हेच. मराठी स्वयंपाकघरात मात्र ती पाहुणीच.

एक आणा आणि कापू नका, मोडा. दोन्ही तुकडे हळूच लांब न्या. मध्ये कोळिष्टकासारखे धागे ताणले जातील. पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांच्या भिंतींना आतून स्प्रिंगसारखी वेटोळी असतात. नळी तुटते, वेटोळं उलगडत जातं. म्यानमारच्या इनले सरोवराकाठी पानांच्या देठांतले असेच धागे वळून कापड विणतात. चिनी लोकांत तर म्हणच आहे, की कमळकाकडी तुटली तरी धागे जोडलेलेच राहतात. ताटातूट झाली तरी जीव अडकलेला असतो, अशांबद्दल ती वापरतात. आपल्याकडे 'मेघदूता'तले हंस मानसरोवराला निघताना कमळाचेच कोवळे कोंब शिदोरी म्हणून घेतात. परमुलखी निघालेल्यांशी या वनस्पतीचं काही नातं असावं!

ही काकडी मूळ नव्हे, चिखलात आडवं वाढणारं खोड आहे. चिखलात ऑक्सिजन जवळजवळ नसतो, म्हणून पानातली हवा देठातून या भोकांवाटे खाली पोचते. जपानात नववर्षाच्या जेवणात ती मुद्दाम असते: भोकांतून पलीकडचं, म्हणजे पुढचं, दिसतं म्हणून.

चीनमध्ये पानात भात गुंडाळून वाफवतात, बियांचं गोड सारण करतात. बीमधला हिरवा कोंब कडू, त्याचा वेगळा चहा. आणि हो, उपवासाचे मखाणे कमळाच्या बिया नव्हेत! ते काटेरी पानांच्या दुसऱ्याच पाणवनस्पतीचे. ती कुमुदिनीच्या कुळातली. कमळाचं कूळच निराळं. कमळाची बी म्हणजे कमळगट्टा.

विकत घेताना दोन्ही टोकं बंद असलेली घ्या, नाहीतर भोकांतला चिखल काढताना नाकी नऊ येतात. काप व्हिनेगरच्या पाण्यात टाकले की काळे पडत नाहीत. लोखंडी कढई नको, टॅनिन आणि लोह भेटले की भाजी काळी होते. कच्ची मात्र खाऊ नका. अशा पाणवनस्पतींवरून जंत पोटात जाऊ शकतात.