कृत्रिम अश्रू : कोणते थेंब घ्यावेत?

प्रश्न : दिवसभर संगणकावर काम करते. डोळे चुरचुरतात. औषधविक्रेता दर वेळी वेगळे थेंब देतो. फरक काय?

उत्तर : ०.५ टक्के कार्बोक्सिमिथाइलसेल्युलोज किंवा सोडियम हायलुरोनेट, दोन्ही चांगली. महागड्याच्या मागे लागू नका. १ टक्क्याचे दाट थेंब जास्त वेळ टिकतात, पण नजर थोडा वेळ धूसर होते, म्हणून झोपताना घाला. मी आधी पाहते ते प्रिझर्व्हेटिव्ह. बेन्झाल्कोनियम क्लोराइड असलेले थेंब दिवसातून अनेकदा, महिनोन्‌महिने घातले तर डोळ्याचा पृष्ठभागच दुखावतो. चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील, तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलेच मागा. पापण्यांच्या कडेच्या तेलग्रंथी तुंबल्या असतील तर रोज कोमट शेकही हवा. लाली घालवणारे थेंब मात्र यासाठी नकोतच. डोळा दुखू लागला, उजेड सहन होईना किंवा नजर कमी झाली, तर थेट नेत्रतज्ज्ञांकडे जा.