कडुनिंब व करंज साबण: तांबूस डाग आणि खवटपणा कसा टाळावा?

पहिल्या महायुद्धात युरोपकडे होणारी चंदनाची निर्यात खंडित झाली, तेव्हा म्हैसूर संस्थानाने चंदनतेल व साबणाचे कारखाने स्वतः उभारले. स्थानिक कच्च्या मालाचे मूल्य वाढविण्याचा हाच विचार आज कडुनिंब व करंजाच्या बियांनाही लागू पडतो. बेंगळुरूनजीक हेसरघट्टा येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेने भाजीपाल्यावरील किडींसाठी या दोन्ही तेलांचे साबण विकसित केले आहेत. मात्र घरगुती पद्धतीने केलेल्या अशा साबणाच्या वड्यांवर पुष्कळदा तांबूस, चिकट डाग पडतात आणि श्रम व तेल दोन्ही वाया जातात.

कारण

मावा, पांढरी माशी यांसारख्या मऊ शरीराच्या किडींवर ओलिक आम्लाचे क्षार विशेष प्रभावी असतात. या तेलांत ते आम्ल विपुल आहे; परंतु असंतृप्त आम्लांचा हवेतील प्राणवायूशी संयोग होतो. म्हणजे साबणाचा गुण आणि त्याचा नाशवंतपणा एकाच घटकातून येतात. साबण न बनता शिल्लक राहिलेले तेल प्रथम खवट होते. लोह व तांब्याचे अंश, प्रकाश, उष्णता आणि दमटपणा ही क्रिया वेगवान करतात.

ओळख

पृष्ठभागावरील पांढरी भुकटी हा बहुधा सोडियम कार्बोनेटचा थर असतो. तो बिघाड नव्हे. पाल्याचा हिरवा रंग अल्कलीमुळे तपकिरी होणे हेही स्वाभाविक आहे. कडुनिंबाच्या मूळ उग्र वासामुळे खवटपणा लवकर कळत नाही. म्हणून डाग व चिकटपणा तपासावा.

प्रतिबंध

१. तेल ताजे व गाळलेले वापरावे. खवट तेल ई-जीवनसत्त्व घालूनही सुधारत नाही.

२. कॉस्टिक सोडा वजन करूनच घ्यावा व नेहमी पाण्यात सोडावा. सोड्यावर पाणी ओतू नये. हातमोजे व चष्मा अनिवार्य. शिल्लक तेलाचे प्रमाण ५ टक्क्यांहून अधिक नसावे.

३. विहिरीच्या जड पाण्याऐवजी ऊर्ध्वपातित पाणी वापरावे.

४. भांडी स्टेनलेस स्टीलची असावीत. लोखंड, तांबे व ॲल्युमिनियम वर्ज्य.

५. प्रति किलो तेलास १० ग्रॅम सायट्रिक आम्ल पाण्यात विरघळवून घातल्यास धातूंचे अंश बांधले जातात. त्यासाठी सुमारे ६ ग्रॅम कॉस्टिक सोडा जादा लागतो.

६. वड्या ४ ते ६ आठवडे सावलीत, हवेशीर जागी, परस्परांपासून अंतर ठेवून वाळवाव्यात. धातूच्या जाळीवर ठेवू नयेत.

डागाळलेली वडी वितळवून नव्या मिश्रणात घालू नये. खवटपणा त्यातही उतरतो. प्रत्येक नव्या साबणाची फवारणी प्रथम मोजक्या झाडांवर करून पाने करपत नाहीत याची खात्री करावी.