चतुष्पाद सर्प कीं लांबट सरडा?

पावसाळ्यांत कोंकणांतील बागेची माती उकरतांना कधीं गांडूळ सांपडतें, कधीं वाळा, तर कधीं देवगांडूळ. तिघांचेंही अंग लांबट व गोल असून पाय कोणासच नाहींत. अजाण मनुष्य तिघांसही एकाच माळेंत ओंवील. परंतु गांडुळास पाठीचा कणाच नाहीं; वाळा हा खराखुरा साप आहे; आणि देवगांडूळ हें बेडकांच्या गोतांतील आहे. मातींत राहण्याच्या एकाच गरजेनें तीन भिन्न कुळांस एकसारखा आकार दिला. म्हणून आकारावरून प्राण्याची राहणी ताडतां येते. त्याचें कूळ कळेलच असें नाहीं. हें सूत्र ध्यानांत ठेवून एका नष्ट झालेल्या प्राण्याविषयींचा वाद पाहूं.

दक्षिण अमेरिकेंत ब्राझील देशाच्या सिअरा प्रांतीं क्रातो नांवाचे चुनखडीचे थर आहेत. सुमारें अकरा ते बारा कोटी वर्षांपूर्वीं तेथील संथ पाण्याच्या तळाशीं बसलेल्या गाळाचे ते थर होत. त्यांतून निघालेला एक लहानसा सांगाडा जर्मनींतील झोल्नहोफेन येथील संग्रहालयांत ठेवलेला होता. तो डेव्हिड मार्टिल या इंग्रज पंडिताच्या दृष्टीस पडला. आणि 2015 सालीं त्यांनीं टिशलिंगर व लाँगरिच या दोघां सहकाऱ्यांसह त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांनीं या प्राण्यास टेट्रापोडोफिस ॲम्प्लेक्टस, म्हणजे ‘कवटाळणारा चतुष्पाद सर्प’, असें नांव दिलें.

या प्राण्याची लांबी अवघी वीतभर, परंतु कण्यांत 272 मणके. त्यांपैकीं 160 शेपटीच्या पुढचे. चार इवलेसे पाय असून प्रत्येकास पांच बोटें. पोटाच्या ठिकाणीं दुसऱ्या कोणा सपृष्ठ प्राण्याचीं बारीक हाडें, म्हणजे शेवटचें भक्ष्य! अंग लांब, शेपूट आंखूड, मुस्कट तोकडें व पाय नाममात्र, यावरून हा प्राणी बिळें करून राहणारा असावा, आणि दांत, मणके व पोटावरील आडवे खवले यांवरून तो सर्पच असावा, असा वर्णनकर्त्यांचा सिद्धान्त होता.

या सिद्धान्तामागें एक जुना प्रश्न दडलेला आहे. साप हे सरड्यांसारख्या पूर्वजांपासून झाले याविषयीं शास्त्रज्ञांत दुमत नाहीं. अजगराच्या गुदद्वाराच्या दोहों बाजूंस असलेल्या नख्या मागील पायांची साक्ष अद्यापि देतात. परंतु सापांनीं पाय गमावले ते मातींत शिरतांना कीं पाण्यांत पोहतांना? 1869 सालीं कोप या अमेरिकन शास्त्रज्ञानें सापांचें नातें मोसासॉर नांवाच्या प्रचंड सागरी सरड्यांशीं जोडलें होतें. यरुशलेमेजवळील सागरी चुनखडींत मिळालेला, मागील पाय असलेला पॅकिऱ्हॅकिस हा सर्प त्या पक्षास अनुकूल वाटला. उलट, 2006 सालीं आर्जेंटिनांतून नजाश हा जमिनीवर राहणारा, मागील पायांचा सर्प वर्णिला गेला, तेव्हां पारडें दुसरीकडे झुकलें. अशा वेळीं चार पायांचा आणि बिळांत राहणारा सर्प खरा ठरता, तर भूमिवाद्यांस मोठेंच बळ मिळालें असतें.

परंतु 2016 सालीं मायकेल ली आदि पंडितांनीं शंका काढली. त्यांचें म्हणणें असें कीं, हातापायांचीं हाडें माती उकरणाऱ्या प्राण्यासारखीं नाहींत; पाण्यांत वावरणाऱ्यास तीं अधिक साजतात. पुढें 2021 सालीं मायकेल कॉल्डवेल व त्यांचे सहकारी यांनीं तर मूळ वर्गीकरणावरच आघात केला. हा दगड फोडतांना त्याच्या दोन फळ्या झाल्या होत्या. कवटीचीं हाडें एका फळीवर राहिलीं व त्यांचा ठसा दुसरीवर उमटला. पहिल्या वर्णनांत या ठशाकडे दुर्लक्ष झालें होतें. त्याची बारकाईनें तपासणी करून, ही कवटी सर्पाची नव्हे, असा निर्णय कॉल्डवेल यांनीं दिला. सापाच्या मणक्यांस परस्परांत अडकविणारे जे जादा सांधे असतात, तेही त्यांस येथें आढळले नाहींत. त्यांच्या मतें हा प्राणी डोलिकोसॉर, म्हणजे मोसासॉरांच्या नात्यांतील लांबट जलचर सरडा होय. तसें असेल तर बीळही गेलें आणि सर्पपणही गेलें!

लांब अंग आणि खुरटे पाय हीं लक्षणें दोन्ही पक्षांस मान्य आहेत. परंतु तीं बिळांत राहणाऱ्यास जशीं उपयोगी, तशींच शेवाळांतून वळवळत पोहणाऱ्यासही उपयोगी. म्हणून कूळ ठरवावयाचें तें अशा सोयीच्या लक्षणांवरून नव्हे. कवटीची जुळणी, दांतांची बैठक, मणक्यांचे सांधे, अशा अनेक खुणा एकत्र तोलून. वाळा व देवगांडूळ यांचा निवाडाही आपण याच मार्गानें करितों.

या वादांतील दुसरी बाजूही विचारणीय आहे. ब्राझीलच्या 1942 सालच्या कायद्यानें तेथील जीवाश्म राष्ट्राची मालमत्ता ठरले; मग हा दगड परदेशीं गेला कसा, हा प्रश्न तेथील अभ्यासकांनीं रोखठोक विचारला. शिवाय तो खासगी मालकीचा असल्यानें मध्यंतरीं अभ्यासकांस सहज पाहावयासही मिळत नव्हता. ज्या पुराव्याची फेरतपासणी दुसऱ्यास करितां येत नाहीं, त्यावर उभारलेलें मत कितीही आकर्षक असलें तरी तें शास्त्र या नांवास पात्र होत नाहीं.

विद्यार्थ्यांनीं यावरून शास्त्रज्ञांचा उपहास मात्र करूं नये. एकानें मत मांडावें, दुसऱ्यानें तें पारखावें, आणि दोघांनींही दगडापुढें नम्र व्हावें, याच रीतीनें ज्ञान वाढतें. पुस्तकांत छापलेलें नांव हा शोधाचा आरंभ आहे, शेवट नव्हे. आणि कोणताही निर्णय देण्यापूर्वीं दगडाच्या दोन्ही फळ्या पाहाव्या, ही शिस्त प्रयोगशाळेच्या बाहेरही तितकीच उपयोगी पडेल.