विमानाचा संगणक आणि दुसरी सही

अच्छाड हे आमचे गाव मुंबई-अहमदाबाद महामार्गावर, महाराष्ट्र संपतो त्या टोकाला आहे. खाली ट्रकांची रहदारी आणि वर आकाशात विमाने, हे दृश्य आम्ही लहानपणापासून पाहत आलो. उन्हाळ्यात अंगणात खाट टाकून झोपलो की वरून जाणारे लुकलुकते दिवे मोजायचे, हा आमचा खेळ होता. त्या दिव्यांमागे कोण बसले आहे आणि त्याला अंधारात वाट कशी सापडते, हा प्रश्न तेव्हाही पडत असे. परंतु विचारणार कोणाला?

दिनांक १२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान उड्डाणानंतर लगेच कोसळले. विमानातील २४१ आणि जमिनीवरील १९ माणसे प्राणास मुकली. त्यानंतरच्या रविवारी अभ्यासिकेतील मुलांनी आम्हाला गाठले. एकाने विचारले, "काका, आता विमान कॉम्प्युटरच चालवतो ना? मग तो बंद पडला की विमान पडणारच ना?"

त्या अपघाताचा निवाडा करणे हे आमचे काम नव्हे. परंतु मुलाचा प्रश्न रास्त होता. आम्ही कलाशाखेचे पदवीधर, नोकरी बँकेतील कारकुनाची. विमानविद्येशी आमचा संबंध नाही. तरीही काही पुस्तके व विमान-अपघातांचे प्रसिद्ध झालेले चौकशी अहवाल यांतून जे समजले, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने सोप्या भाषेत मांडत आहोत.

संगणक नव्हता तेव्हा

७ जुलै १९६२ च्या रात्री इटलीच्या अलिटालिया कंपनीचे डीसी-८ जातीचे विमान बँकॉकहून मुंबईकडे येत होते. मुंबई अजून दूर असताना ते खाली उतरू लागले आणि जुन्नर परिसरातील डोंगरावर आदळले. विमानातील सर्व ९४ जण दगावले. इंजिन बंद पडले नव्हते, पंख मोडला नव्हता. मुंबई आहे त्यापेक्षा जवळ आली, असा वैमानिकाचा हिशेब झाला होता. तो हिशेब चुकला.

त्या काळी आपण कोठे आहोत हे काढण्यासाठी वैमानिकांना घड्याळ, होकायंत्र, नकाशा आणि जमिनीवरील रेडिओ केंद्रे यांची मदत घ्यावी लागे. लांबच्या प्रवासात त्यासाठी दिशादर्शक नावाचा वेगळा माणूसही विमानात असे. दमलेल्या माणसाकडून रात्रीच्या वेळी हिशेबात चूक होऊ शकते. हे ओझे हलके करावे म्हणून पुढे जी यंत्रणा आली, तिला 'फ्लाइट मॅनेजमेंट सिस्टीम' म्हणतात. आपण तिला उड्डाण-व्यवस्थापन यंत्रणा म्हणू. १९८२ साली सेवेत आलेल्या बोईंग ७६७ पासून ती मोठ्या प्रवासी विमानांत रूढ होत गेली.

यंत्रणा काय करते?

एस.टी.चे उदाहरण घेऊ. स्टिअरिंग चालकाच्या हातात असते. पण गाडी कोणत्या मार्गाने जायची, कोणते थांबे घ्यायचे, किती वाजता कोठे पोहोचायचे हे आधी ठरलेले असते. विमानात स्टिअरिंग धरण्याचे काम वैमानिक किंवा त्याच्या वतीने 'ऑटोपायलट' करतो. उड्डाण-व्यवस्थापन यंत्रणा मार्ग व वेळापत्रक सांभाळते आणि ऑटोपायलटला सांगते, "आता इकडे वळ, आता उतरायला लाग." म्हणजे ही दोन यंत्रे वेगळी आहेत. पुष्कळ लोक त्यांना एकच समजतात.

या यंत्रणेची मुख्य कामे तीन.

पहिले काम, आपण आत्ता कोठे आहोत हे काढणे. त्यासाठी ती तीन साक्षीदारांना विचारते. पहिला साक्षीदार विमानाच्या पोटातच असतो. तलासरी नाक्यापासून डोळे बांधून, पावले आणि वळणे मोजत चालत निघालो, तर कोठवर आलो याचा अंदाज बांधता येईल. तसेच हे यंत्र विमानाची प्रत्येक हालचाल मोजून जागा काढते. त्याला बाहेरचे काही पाहावे लागत नाही. मात्र तासागणिक त्याची थोडी थोडी चूक साचत जाते. दुसरा साक्षीदार म्हणजे जमिनीवरील रेडिओ केंद्रे. तिसरा म्हणजे उपग्रह. तिघांच्या साक्षी ताडून यंत्रणा एक उत्तर काढते.

दुसरे काम, मार्ग लक्षात ठेवणे. जगभरातील विमानतळ, धावपट्ट्या आणि हवाई मार्गांवरील खुणा यांची मोठी वही तिच्या पोटात असते. ही वही दर २८ दिवसांनी नवी भरली जाते, कारण जमिनीवर बदल होतच असतात.

तिसरे काम म्हणजे काटकसर. विमानाचे वजन, इंधन आणि वारा यांवरून किती उंचीने व वेगाने गेले असता परवडेल, हे ती सांगते.

हे सर्व तिला सांगायचे कसे? दोन वैमानिकांच्या मध्ये अक्षरे व आकडे असलेला छोटा कळफलक आणि छोटा पडदा असतो. निघण्यापूर्वी वैमानिक त्यावर बोटांनी टाइप करतो. आमच्या बँकेच्या काउंटरवर जसे चालते, अगदी तसेच.

बिघाड झाला तर

आता मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. ही यंत्रणा बंद पडली म्हणून विमान पडत नाही. विमानाला हवेत धरून ठेवतात ते पंख आणि इंजिने. मार्गाची वही हरवली म्हणून एस.टी. उलटत नाही, तसेच हे.

शिवाय बनवणाऱ्यांनी बिघाड धरूनच मांडणी केलेली आहे. बहुतेक मोठ्या विमानांत या यंत्रणेचे दोन संगणक असतात. दोघे आपापले गणित करतात आणि उत्तरे ताडून पाहतात. फरक पडला तर पडद्यावर तसा संदेश येतो. एक बंद पडला तर दुसरा दोन्ही वैमानिकांचे पडदे चालवू शकतो. उपग्रहाचा संदेश तुटला तर यंत्रणा उरलेल्या दोन साक्षीदारांवर काम चालवते आणि जागेची खात्री कमी झाली की वैमानिकाला तसे कळवते. दोन्ही संगणक गेले तर वैमानिक जुन्या पद्धतीवर येतो. रेडिओ केंद्रे हाताने लावतो, होकायंत्र पाहतो आणि जमिनीवरील नियंत्रकाला दिशा विचारतो. नियंत्रक रडारवर विमान पाहून, "डावीकडे वळा, इतक्या उंचीवर या," असे सांगत त्याला धावपट्टीपर्यंत आणू शकतो. वैमानिकांना अशा प्रसंगांचा सराव जमिनीवरच्या नकली कॉकपिटमध्ये नियमाने करावा लागतो.

थोडक्यात, यंत्र बिघडले की ते बहुधा ओरडून सांगते. ओरडणाऱ्या बिघाडाची तयारी माणसाने पुष्कळ केली आहे. खरे भय वेगळ्याच गोष्टीचे आहे.

गप्प राहणारी चूक

१० मार्च २०१५ रोजी एअरएशिया एक्स कंपनीचे विमान सिडनीहून क्वालालंपूरला जाण्यासाठी सज्ज होत होते. निघण्यापूर्वी विमान कोठे उभे आहे, ते अक्षांश-रेखांश यंत्राला सांगावे लागतात. सिडनीचे रेखांश सुमारे १५१ अंश. टाइप करताना आकडे सरकले आणि नोंद झाली सुमारे १५ अंशांची. यंत्राच्या समजुतीप्रमाणे विमान हजारो किलोमीटर दूर गेले! नंतर इशारे येऊ लागले, पण त्यांचा अर्थ वेळेवर लागला नाही. उड्डाण झाल्यावर विमान भलत्याच दिशेला वळू लागले. उपाय करताना आणखी यंत्रे निकामी झाली. शेवटी विमान मेलबर्नला नेऊन उतरवले. सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही.

२० डिसेंबर १९९५ च्या रात्री कोलंबिया देशातील काली शहराजवळ मात्र दैव आड आले नाही. अमेरिकन एअरलाइन्सचे बोईंग ७५७ दोन्ही बाजूंना डोंगर असलेल्या दरीतून उतरत होते. वैमानिकांना 'रोझो' नावाच्या रेडिओ केंद्राकडे जायचे होते. नकाशावर त्याची खूण 'आर' होती. त्यांनी कळफलकावर 'आर' टाइप केले. पडद्यावर यादी आली आणि तिच्यातील पहिले नाव निवडले गेले. परंतु ते होते दूर बोगोटा शहराजवळचे 'रोमिओ' केंद्र. त्याचीही खूण 'आर'च होती. विमान आज्ञाधारकपणे डावीकडे, डोंगराकडे वळले. चूक ध्यानात येईपर्यंत उशीर झाला होता. १६३ पैकी १५९ माणसे मृत्युमुखी पडली.

येथे कोणतेही यंत्र बिघडले नव्हते. यंत्राने सांगितले तेच केले. 'आर' हे अक्षर बरोबर होते, केंद्रही खरे होते. म्हणून यंत्राला ओरडण्याचे कारणच नव्हते. अलीकडे याच जातीचे एक नवे संकट आले आहे. २०२३ पासून पश्चिम आशियातील युद्धक्षेत्रांजवळ विमानांना खोटे उपग्रह-संदेश मिळण्याचे प्रकार वाढले. संदेश तुटला तर यंत्र सांगते. खोटा संदेश खऱ्याच्या वेषात आला तर यंत्रही फसू शकते.

आमच्या टेबलावरील प्रसंग

कालीचा अहवाल वाचताना आमच्या अंगावर काटा आला, याचे कारण सांगणे भाग आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही तालुक्यातील एका शाखेत होतो. निराधार पेन्शनची यादी कागदावर येई आणि एकेकाच्या खात्यात रक्कम हाताने जमा करावी लागे. दिवाळी तोंडावर होती, काउंटरवर गर्दी होती. आम्ही नावाची पहिली अक्षरे टाइप केली, पडद्यावर यादी आली आणि वरचे नाव निवडले. आपल्या भागात एकाच नावाच्या चार-चार बाया असतात, हे आम्हाला ठाऊक नव्हते काय? होते. नियमाप्रमाणे आम्ही केलेली नोंद दुसऱ्या अधिकाऱ्याने तपासून मंजूर करायची असते. तीही झाली. दोघांपैकी कोणीही खाते क्रमांक कागदाशी ताडून पाहिला नाही.

ती आजी पाड्यावरून चालत दोनदा आली. दोन्ही वेळा आम्ही पडदा पाहून म्हणालो, "आजी, पैसे आले नाहीत." पडदा खोटे बोलत नव्हता, तिच्या खात्यात खरोखरच काही नव्हते. तिसऱ्यांदा ती आली तेव्हा आम्ही मूळ कागद काढला आणि चूक समजली. दुसऱ्या बाईने ते पैसे आपलेच समजून काढून खर्चही केले होते. सगळे निस्तरेपर्यंत दिवाळी होऊन गेली.

आम्ही माफी मागितली तेव्हा आजी म्हणाली, "तुमचं काय चुकलं भाऊ, मशीनला माझं नाव नसंल कळलं." तिने आम्हाला सोडून दिले, पण आमच्याने आम्हाला सोडवेना. मशीनला जे सांगितले ते तिने केले होते. त्या दिवसापासून आम्ही नोंद करताना नाव, नवऱ्याचे किंवा वडिलांचे नाव, गाव आणि खाते क्रमांक मोठ्याने वाचतो आणि समोरच्याकडून 'हो' आल्याशिवाय पुढे जात नाही. रांगेतील लोक कुरकुरतात. कुरकुरू देत.

'सम्राट अशोक'

आता आपल्याच किनाऱ्यावरची एक घटना. एअर इंडियाचे पहिले जंबो विमान, बोईंग ७४७, याचे नाव 'सम्राट अशोक' होते. १ जानेवारी १९७८ च्या रात्री ते मुंबईहून दुबईला निघाले. त्या विमानात आजच्यासारखी उड्डाण-व्यवस्थापन यंत्रणा नव्हती. परंतु विमान किती कलले आहे हे दाखवणारी तीन यंत्रे होती. एक मुख्य वैमानिकासमोर, दुसरे सहवैमानिकासमोर आणि तिसरे राखीव.

समुद्रावर उजवे वळण घेऊन विमान सरळ झाले, तरी मुख्य वैमानिकासमोरचे यंत्र ते उजवीकडे कललेलेच दाखवत राहिले. खाली काळा समुद्र, वर काळे आकाश. क्षितिज दिसत नव्हते. त्या यंत्रावर विसंबून विमान डावीकडे वळवले गेले आणि ते अधिकाधिक कलत गेले. ध्वनिमुद्रणावरून दिसते की त्या यंत्रावर जाऊ नका, असा इशारा फ्लाइट इंजिनिअरने दिला होता. परंतु तो मनात उतरून हात फिरेपर्यंत वेळ उरला नाही. उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आतच विमान वांद्र्यासमोरील समुद्रात कोसळले. २१३ जण गेले.

तीन यंत्रांपैकी एक खोटे बोलत असेल, तर उरलेली दोन विचारता येतात. म्हणूनच तीन ठेवलेली असतात. पण विचारण्याचे काम त्या रात्री माणसाचे होते, आणि विचारायला सेकंदच मिळाले. म्हणून आजचे वैमानिक ही तपासणी सवयीची करून टाकतात. एक जण मार्ग भरतो, दुसरा कागदावरील मार्गाशी एकेक खूण ताडून पाहतो. यंत्राला नवी आज्ञा द्यायची तर तो बदल दोघांनी पाहिल्यावरच ती पक्की करायची. यंत्र भलतेच करू लागले तर आधी ऑटोपायलट सोडून विमान हातात घ्यायचे आणि चूक कोठे झाली ते नंतर शोधायचे.

मुलाला दिलेले उत्तर

त्या रविवारी आम्हाला नीट उत्तर देता आले नव्हते. आता देतो. बाळा, कॉम्प्युटर बंद पडल्याने विमान पडत नाही. तो बंद पडला तर काय करायचे, हे माणसाने ठरवून ठेवलेले आहे. आपण चुकीचे सांगितले आणि त्याने निमूटपणे ऐकले, तर मात्र घात होतो. तेथे वाचवणारी गोष्ट फार जुनी आणि स्वस्त आहे. दुसऱ्या माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहून केलेली सही.

तुमच्यापैकी कोणी उद्या वैमानिक होईल, कोणी विमानांची दुरुस्ती करील, कोणी परिचारिका होऊन औषधाच्या बाटलीवरील नाव वाचील, कोणी आमच्यासारखा काउंटरवर बसेल. पडद्यावर यादी येईल आणि पहिले नाव बरोबरच वाटेल. तेव्हा बोट क्षणभर थांबवा आणि ते नाव मोठ्याने वाचा. आणि दुसऱ्याच्या नोंदीवर सही करण्याची वेळ आली, तर ती आपण स्वतः वाचली आहे ना, एवढे पाहूनच करा.