पॉवर मीटर नाही? मग वॅट घाटात मोजा

नववीत ‘कार्य आणि ऊर्जा’ शिकवताना शक्तीची व्याख्या पाठ होते, पण वॅट म्हटलं की पोट्ट्यांना बल्बच आठवतो. सायकल चालवणारी मुलं मात्र मोबाइल अ‍ॅपमधले वॅट एकमेकांना दाखवतात. मग पालक विचारतात, “आमच्या मुलाचे कमी का?” आधी तो आकडा कुठल्या रस्त्यावरचा आहे, ते बघा.

पॉवर मीटर पायाचा जोर थेट मोजतो. तो नसेल तर वेग, वजन आणि चढ यांवरून फक्त अंदाज निघतो.

अमरावती-अकोला महामार्ग घ्या. जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरणाचा गिनीज विक्रम झाला तो हाच. सपाट रस्ता, म्हणजे हिशोब सोपा असं वाटतं. पण सपाटीवर खरी लढाई हवेशी असते. सायकलसह ७० किलो वजन, ताठ बसलेला मुलगा, ताशी २० किलोमीटर वेग धरला तर वारा नसताना साधारण ८० वॅट लागतात. समोरून ताशी १० किलोमीटरचा वारा आला (झाडाची पानं हलतील, एवढाच) की त्याच वेगाला १५० वॅट! हिशोबात वारा धरला नसेल तर अ‍ॅप दोन्ही वेळा ८०च दाखवणार. येताना तोच वारा पाठीशी असला तरी फिटंफाट होत नाही, कारण हवेचा विरोध सापेक्ष वेगाच्या वर्गाने वाढतो.

आता चिखलदऱ्याच्या घाटात चला. दीड किलोमीटरमध्ये १०० मीटर चढणारा तुकडा निवडा आणि गिअरच्या सायकलने तो १० मिनिटांत चढला असं समजा.

७० × ९.८ × १०० = ६८,६०० ज्यूल
६८,६०० ÷ ६०० = सुमारे ११४ वॅट

टायर आणि हवेचे पंधराएक वॅट मिळवा, झाले १३०. इथे तोच वारा समोरून आला तरी १४८च्या आसपास. वेग कमी, म्हणून हवेचा वाटाही कमी.

वजन करताना दप्तर, पाण्याची बाटली धरा. दोन किलो विसरले तर तीन टक्के चूक. उंचीसाठी मोबाइलच्या जीपीएसवर फार विसंबू नका. १:५०,००० च्या स्थलनिर्देशक नकाशात समोच्च रेषांमधलं अंतर २० मीटर असेल, तर पाच अंतरं म्हणजे १०० मीटर. भूगोलाच्या सरांनाही सोबत घ्या.

वहीत वॅटशेजारी वजन, उंची, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहायला लावा. सपाट रस्त्यावरचे आकडे लिहा हवं तर, पण त्यावरून मुलांचे नंबर लावू नका.