उतू जाणारं दूध आणि अर्धपोटी कान्हा

आजचं वाचन: श्रीमद्भागवत, दशम स्कंध, अध्याय ९ (दामोदर लीला)



कार्तिकात हा अध्याय आपण दरवर्षी वाचतो. संध्याकाळी तुपाचा दिवा लावायचा आणि उखळाला बांधलेला कान्हा डोळ्यांपुढे आणायचा. मीही इतकी वर्षं त्या दोरीपाशीच थांबत आले. यंदा मात्र दोरीच्या बऱ्याच आधी अडकले. वाचत होते तेव्हा माझा १९ महिन्यांचा लेक मांडीवर अंगावर पीत होता, आणि बाहेरच्या खोलीत त्याच्यावरूनच बोलणं चाललं होतं. आता याचं दूध तोडायचं की नाही?

दिवाळीला आम्ही सासरी होतो, जाफराबादला. जालना जिल्ह्यातलं, पूर्णेच्या खोऱ्यातलं तालुक्याचं गाव. या दिवसांत शिवारात कापूस फुटलेला असतो, आणि घरी दुपारी भेटतात त्या फक्त म्हाताऱ्या बाया आणि लेकरं. सगळ्यांचं माझ्याकडे बघून एकच. "अजून पाजतेस? काहून गं? आता दात आले की त्याला!" आई (माझ्या सासूबाई) प्रेमाने म्हणाल्या, "कडुनिंबाचा पाला वाटून लाव. दोनदा तोंड कडू झालं की आपोआप सोडतंय लेकरू. नाहीतर असं कर, त्याला आठ दिवस माझ्यापाशी ठेव अन् तुम्ही दोघं जा पुण्याला. विसरून जाईल."

खरं सांगू? मी हो म्हणाले होते. सुट्टी संपत आली होती, रात्री तीनतीनदा उठून मी थकले होते, आणि आठ दिवस सलग झोप मिळेल हा विचार मला पाप वाटण्याआधी गोडच वाटला होता. बॅगही भरायला घेतली होती. त्याच रात्री हा अध्याय समोर आला.

आता कथा जरा सावकाश बघा. त्या दिवशी दासी दुसऱ्या कामांत आहेत, म्हणून यशोदा स्वतः ताक घुसळतेय. घुसळता घुसळता लेकराच्या लीला गातेय. कान्हा येतो, रवी धरून ठेवतो आणि तिला थांबवतो. भूक लागलीय. ती त्याला मांडीवर घेते, पाजते, त्याच्या हसऱ्या तोंडाकडे बघत राहते. तेवढ्यात चुलीवरचं दूध उतू जायला लागतं. आणि यशोदा काय करते? त्याचं पोट भरलेलं नसताना त्याला खाली ठेवते आणि चुलीकडे धावते.

हे मी आजवर वाचूनही वाचलं नव्हतं. जिला आपण आईपणाचा आदर्श मानतो, तिने साक्षात भगवंताला अर्धपोटी खाली ठेवलं, तेही दुधाच्या भांड्यासाठी! आणि भागवत तिला त्यासाठी एका शब्दाने दोष देत नाही. कान्हा मात्र रागावतो. ओठ चावतो, दगडाने दह्याचं मडकं फोडतो, खोटे अश्रू काढतो आणि आत जाऊन लोणी खातो. (आमच्याकडे दुपारी नाही म्हटलं की मोबाइलचा चार्जर फेकला जातो. अवतार वेगळा, राग तोच.)

अजून एक बारकावा. हा कान्हा रवी धरतो, मडकं फोडतो, उखळ पालथं घालून त्यावर बसून माकडांना लोणी वाटतो आणि आई छडी घेऊन आली की पळ काढतो. म्हणजे चालतं-पळतं मूल आहे आणि तरी अंगावर पितंय. "एवढा मोठा झाला तरी?" असं तुम्हाला कोणी विचारलं, तर गोकुळात ते कोणालाच विचित्र वाटलं नव्हतं एवढं मनाशी धरून ठेवा.

वयाचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटना सांगते, पहिले ६ महिने फक्त आईचं दूध, मग वरच्या खाण्यासोबत २ वर्षांपर्यंत आणि आई-बाळाला हवं असेल तर त्याहीपुढे. आपला वाग्भट दात यायला लागल्यावर बाळाला अंगावरून क्रमाक्रमाने सोडवायला सांगतो. आईंना 'दात' तेवढे लक्षात राहिले होते, 'क्रमाक्रमाने' हे निसटलं होतं. आईंच्या शेजारच्या खालांनी त्यांच्याकडची गोष्ट सांगितली. कुरआनात पूर्ण दोन वर्षांची मुदत आहे, पण आई-बापाने एकमेकांशी बोलून, दोघांच्या राजीखुशीने आधी सोडवलं तरी दोष नाही. मला त्यातलं 'दोघांच्या' फार आवडलं. आमच्या घरी या विषयावर गल्लीतल्या सगळ्यांचं मत घेऊन झालं होतं, फक्त बाळाच्या बाबांना कोणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

कडुनिंबाचं काय झालं ते सांगते. तीनच अध्याय आधी, सहाव्यात, पूतना येते. ती काय करते? स्तनाला विष लावून बाळाला पाजते. आईंचा उपाय ऐकून माझ्या डोक्यात पहिल्यांदा तीच आली, आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली. कारण त्या अध्यायाचा शेवट बघा. विष लावून का होईना, तिने कृष्णाला अंगावर घेतलं, म्हणून भगवंताने तिला आईची गती दिली. मग माझ्या सासूबाईंनी तर चार लेकरं वाढवली. कापसाच्या वेचणीला, खुरपणीला जाताना, कोणी रजा न देता, कोणी काही न समजावता. त्यांच्यापाशी तेव्हा कडुनिंब हाच एक मार्ग होता. त्यांना नावं ठेवणारी मी कोण? पण तरी मी तो लावला नाही. ज्या जागेवर बाळाचा सगळ्यात जास्त विश्वास आहे, तीच एका सकाळी कडू करून ठेवायची, हे मला जमणार नव्हतं.

आणि आठ दिवस ठेवून जायचं? नेमकी त्याची दाढ येत होती, अंग कोमट होतं. बाळ आजारी असताना, दात-दाढा येताना किंवा घर बदलताना दूध तोडायला घेऊ नये, असं आमच्या पुण्याच्या बालरोगतज्ज्ञांनी आधीच सांगितलं होतं. एकदम बंद केलं तर आईचंही दूध दाटतं, गाठी होतात, ताप चढतो. तसं झालंच तर थोडं दूध हाताने काढून टाकायचं, गार पट्टी ठेवायची. जागा लाल होऊन ताप आला तर डॉक्टरकडेच जायचं. वर्षाच्या आतल्या बाळाचं अंगावरचं कमी करत असाल तर त्याजागी नुसतं गाईचं दूध देऊ नका, डॉक्टरांना विचारून ठरवा.

मार्ग सापडला तो मात्र पोथीत नाही, गल्लीत. पलीकडच्या घरातली एक बाई रोज सकाळी कापूस वेचायला जाते. लेकरू ११ महिन्यांचं. निघताना पाजते, संध्याकाळी उंबऱ्यात पाय ठेवला की पहिल्यांदा पाजते. मधल्या वेळात आजी वरणभात, दुधात कुस्करलेली भाकरी भरवते. नोकरदार बाईला कायद्याने बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळात पाजण्यासाठी दोन सुट्या आहेत. हिला शेतात कसल्या सुट्या? मी विचारलं, रडत नाही का? ती म्हणाली, "रडतंय की. पण मी येते हे त्याला ठावं हाय."

यशोदाही चुलीवरून परत आलीच ना! दूध उतरवून ती लगेच वळली.

शेवटी दोरीपाशी येते. यशोदा बांधायला जाते, दोरी दोन बोटं कमी पडते. आणखी जोडते, तरी दोन बोटं कमी. घरातल्या सगळ्या दोऱ्या संपतात. संत-आचार्य सांगतात की एक बोट भक्ताच्या कष्टाचं आणि एक कृपेचं. पण दोरी पुरते कधी? आई घामाघूम झालीय, केसांतली फुलं गळतायत, हे कान्हा बघतो आणि स्वतःहून बांधून घेतो. त्याची राजी झाल्याशिवाय जगातली दोरी पुरत नाही. आणि त्याची राजी होते ती आईचे कष्ट बघून, तिने दोरी सोडून दिली म्हणून नव्हे.

मी बॅगेतून त्याचे कपडे पुन्हा बाहेर काढले नाहीत. ते आमच्यासोबतच पुण्याला आले. निघायच्या आदल्या रात्री नवऱ्याशी बसून बोलले. दाढ येऊन गेल्यावर आधी दुपारचं सोडायचं. त्या वेळी मी समोर असले तर रविवारी बाबा त्याला घेऊन खाली बागेत जाणार. मग आठवडाभराने संध्याकाळचं, तेव्हा गोष्ट आणि केळं. रात्रीचं सगळ्यात शेवटी, आणि त्याला तारीख नाही. आईंना सांगितलं तेव्हा त्या क्षणभर गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "माझ्या थोरल्याला कडू लावलं होतं. दोन दिवस माझ्याकडं आला नव्हता तो." थोरला म्हणजे माझा नवरा. पुढे त्या काही बोलल्या नाहीत, दिव्यात तूप घातलं.

आज सात दिवस झाले. दुपारचं सुटलंय. पहिले तीन दिवस रडला, चौथ्या दिवशी स्वतःच चपला घेऊन बाबाकडे गेला, आणि मंडळी, त्या दिवशी रडले ती मी. रात्रीचं चालू आहे. काल पिता पिता थांबला, माझ्या तोंडाकडे बघून हसला आणि कूस बदलून झोपला. पोट भरलं होतं की नाही, कोणास ठाऊक.

उद्याचं वाचन: अध्याय १०, यमलार्जुनांची सुटका. उखळ तेच, दोरी तीच. पोथी उघडून ठेवा.

राम कृष्ण हरी.