जुना सीबी रेडिओ ऐकतो, पण बोलत नाही: दोष शोधायची योग्य वाट

या भागाच्या व्हिडिओत आपण एक जुना सीबी रेडिओ उघडला. व्हिडिओ थांबवून थांबवून बघावा लागू नये म्हणून त्याच पायऱ्या इथे ओळीने लिहिल्या आहेत. टेबलाजवळ ठेवा.

सीबी, म्हणजे सिटिझन्स बँड, हा मूळचा अमेरिकेतला प्रकार. २७ मेगाहर्ट्झच्या आसपास चालणारा, ट्रकमध्ये बसवायचा, माइकचं बटण दाबून बोलायचा सेट. तिथे १९७७ पासून ४० चॅनल आहेत, त्याआधी २३ होते. १९ नंबरवर ट्रकवाले बोलतात, ९ नंबर अडचणीच्या वेळेसाठी राखलेला. एएमवर पॉवर फक्त ४ वॉट.

आपल्या दुकानात असा सेट रोज येणार नाही. कधी परदेशातून परतलेला माणूस आणेल, कधी जुन्या वस्तू जमवणारा. पण दोष शोधायची ही पद्धत वॉकीटॉकीला चालते, बोटीवरच्या सेटलाही चालते. म्हणून शिकून घ्या.

आजचा धडा एका वाक्यात: बाहेरून आत या, स्वस्तातून महागाकडे जा. सेट बोलत नाही म्हटलं की बरेच जण थेट फायनल ट्रान्झिस्टर बदलायला घेतात. तो जळाला असेलही. पण तो का जळाला हे न शोधता नवा बसवला, तर नवाही जळणार, आणि मग गिऱ्हाईक तुमच्याच नावाने बोंब मारणार.

सुरू करण्याआधी: डमी लोड

अँटेना न जोडता बटण दाबू नका, एकदासुद्धा नाही. पॉवरला जायला वाट मिळाली नाही की फायनल ट्रान्झिस्टर मार खातो.

दुसरी गोष्ट कायद्याची. भारतात २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात ५ वॉटपर्यंतच्या, अंगचाच अँटेना असलेल्या सेटला परवाना लागत नाही. हा नियम २००५ चा. गाडीवरचा वेगळा अँटेना लावायचा अमेरिकन सेट त्यात बसत नाही, आणि त्याचे २८ पासून पुढचे चॅनल तर या पट्ट्याच्याच बाहेर जातात. म्हणून चाचणी हवेत नाही, डमी लोडवरच करायची.

डमी लोड घरी बनतो. ४७० ओहमचे, १ वॉटचे दहा कार्बन किंवा मेटल फिल्म रेझिस्टर समांतर जोडा. होतात ४७ ओहम, म्हणजे हव्या त्या ५० च्या अगदी जवळ. तार गुंडाळलेले रेझिस्टर घेऊ नका, ते या फ्रिक्वेन्सीला कॉइलसारखे वागतात. रेझिस्टरच्या तारा आखूड ठेवा.

पायरी १: गिऱ्हाईकाला विचारा

पेचकस उचलायच्या आधी चार प्रश्न:

- शेवटचा कधी चालला होता? एकदम बंद पडला की हळूहळू?
- त्यानंतर माइक किंवा अँटेना बदलला का?
- घरी कुठल्या अडॅप्टरवर लावला होता?
- आधी कोणी उघडला होता का?

चौथ्याचं उत्तर "हो" असेल तर कॉइलच्या कोरवर स्क्रूड्रायव्हरच्या खुणा आहेत का ते बघा. असतील तर काम वाढणार. हे गिऱ्हाईकाला तेव्हाच सांगा, बिलाच्या वेळी नाही.

पायरी २: सप्लाय

सेटला साधारण १३.८ व्होल्ट लागतात. ऐकताना करंट कमी, अर्धा अँपिअर धरा. बटण दाबलं की तो दोन अँपिअरच्या घरात जाऊ शकतो. इथेच छोटा अडॅप्टर मान टाकतो. ऐकू छान येतं, दिवे लागतात, पण बटण दाबताच दिवे मंदावतात.

मीटर सेटच्या प्लगवर लावा आणि बटण दाबून बघा. व्होल्टेज धपकन खाली आलं, तर दोष अडॅप्टरचा, वायरचा किंवा गंजलेल्या फ्यूज होल्डरचा. सेट अजून उघडायचा नाही.

पायरी ३: माइक

रोज दाबला, ओढला, पिळला जाणारा भाग हाच. वायर कुठे तुटते? प्लगच्या तोंडाशी किंवा माइकमध्ये शिरते तिथे.

कोब्रा जातीच्या बऱ्याच चार पिनी सेटमध्ये १ नंबर ग्राउंड, २ आवाज, ३ ट्रान्समिट आणि ४ रिसीव्ह. बाकी कंपन्यांची जोडणी वेगळी असू शकते, त्यामुळे आधी सर्किट बघा. माइक काढून प्लगच्या १ आणि ३ मध्ये मीटरचा बीप लावा. बटण दाबलं की वाजला पाहिजे. नाही वाजला तर वायर हलवत पुन्हा दाबा. मधूनच वाजत असेल तर चोर सापडला.

उलट खात्री हवी असेल तर डमी लोड लावून सेटच्या सॉकेटमधल्या १ आणि ३ पिना क्षणभर जोडा. सेट ट्रान्समिटला गेला तर दोष माइकमध्येच आहे. नवी वायर घाला, काम संपलं.

पायरी ४: पॉवर निघते का?

पॉवर मीटर असेल तर उत्तम. नसेल तर डमी लोडवरून १एन४१४८ डायोड घ्या, त्याच्या पुढे ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ग्राउंडला जोडा आणि त्या कपॅसिटरवर मीटर डीसी व्होल्टला लावा. बटण दाबा, बोलू नका. ४ वॉटला साधारण १९ ते २० व्होल्ट दिसतात. १० च्या आसपास दिसले तर पॉवर जेमतेम १ वॉट, कारण व्होल्टेज निम्मं झालं की पॉवर पावपट होते.

इथे रस्ता दोन ठिकाणी फुटतो. पॉवर पूर्ण निघते, तर सेट चांगला आहे, दोष केबल किंवा अँटेनात. पॉवर नाही, तरच पेचकस.

पायरी ५: केबल

केबल दोन्हीकडून मोकळी करा. आतली तार आणि बाहेरची जाळी यांच्यात बीप नको. एका टोकाची आतली तार ते दुसऱ्या टोकाची, बीप हवा. प्लगमध्ये जाळीचा एखादा केस आतल्या तारेला टेकलेला असतो, तेवढ्यानेही सेट मरतो. अँटेनाला मात्र ही चाचणी सरसकट लावू नका. काही अँटेना मुद्दामच बुडाशी ग्राउंड केलेले असतात, तिथे बीप म्हणजे दोष नाही.

सेट परत परदेशात जाणार असेल तर तिथे एसडब्ल्यूआर मोजायला सांगा. १.५ च्या आत छान, २ पर्यंत चालेल, ३ च्या वर बोलायचं नाही.

पायरी ६: आता झाकण उघडा

क्रम असा ठेवा:

१. भिंगाखाली सोल्डर बघा. माइक सॉकेट, अँटेना सॉकेट, रिले आणि फायनलचे पाय. जोडाभोवती बारीक गोल चीर दिसली तर नवं सोल्डर द्या.

२. डमी लोडवर बटण दाबून फायनलच्या कलेक्टरला व्होल्टेज बघा. बऱ्याच एएम सेटमध्ये हे व्होल्टेज मॉड्युलेशन ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यातून येतं. शून्य असेल तर ट्रान्झिस्टरला दोष देऊ नका, वाटेतलं वेटोळं किंवा चोक तुटलेला असेल.

३. व्होल्टेज आहे, पॉवर नाही? आधी ड्रायव्हर, मग फायनल तपासा. फायनल बऱ्याचदा २एससी१९६९ किंवा २एससी२०७८ असतो. बोर्डावर असताना बेस आणि एमिटरमध्ये मीटर शॉर्ट दाखवू शकतो, कारण मध्ये कॉइल असते. पाय मोकळे करूनच निकाल द्या. नवा बसवताना अभ्रकाची चकती होती तशी परत घाला. या जुन्या नंबरांच्या नावाने नकली माल येतो, ओळखीच्या विक्रेत्याकडूनच घ्या.

४. २३ चॅनलचा सेट काही ठरावीक चॅनलवरच मुका असेल तर क्रिस्टलवर संशय घ्या. त्यात ऐकण्याचे आणि बोलण्याचे काही क्रिस्टल वेगवेगळे असतात.

कॉइलचे कोर फिरवायचे नाहीत. ते आपोआप फिरत नाहीत, आणि जुना फेराइट चटकन फुटतो.

पॉवर आहे, आवाज नाही?

स्पीकर नीट वाजत असेल तर ऑडिओचा आयसी बहुतेक बरा आहे, कारण अनेक एएम सेटमध्ये ऐकायला आणि बोलायला तोच वापरतात. मग माइकची कॅप्सूल, २ नंबरची वायर आणि माइक प्रीअँपमधले जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बघा.

आता धंद्याचं बोलू

पायरी १ ते ५ ला सेट उघडावा लागत नाही. हीच तुमची तपासणी, आणि तिचे पैसे आधी सांगून घ्या. समजा ३०० रुपये ठरले. माइकची वायरच तुटलेली निघाली तर गिऱ्हाईक कमी बिलावर खूश होऊन जातं, आणि तुमचा वेळही फुकट गेला नाही. दोष आत निघाला तर झाकण उघडण्याआधी फोन करा: "दादा, बाहेरचं सगळं ठीक आहे, काम आत आहे, अंदाज एवढा येईल, करू का?"

जळालेला भाग बदललात तर तो का जळाला हे पावतीवर लिहा. "अँटेना केबल शॉर्ट होती, बदलून घ्यावी." ही एक ओळ पुढच्या महिन्यातलं भांडण वाचवते.

गृहपाठ: या आठवड्यात डमी लोड बनवा आणि मीटरवर ४७ ओहम येतात का ते बघा. मग एका वहीत या सहा पायऱ्यांचा तक्ता आखा. पुढचा बंद सेट कोणताही असो, त्या तक्त्यावर खूण केल्याशिवाय पुढच्या पायरीला जायचं नाही.